सकाळच्या गाडीचा डबा

चौसाळा
३ नोव्हेंबर १९९६

चि. विश्वेश्वर यास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी गाडीवर जाऊन आलो. मग दुकान उघडलं. दिवाळी तोंडावर आली म्हणून समया आणि स्टीलची ताटं बाहेर मांडली. दुपारपर्यंत थोडी गिऱ्हाइकं झाली. एका लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून दिली. जेवून जरा पडलो, झोप लागली नाही. संध्याकाळी परत गाडीवर जाऊन आलो. असा दिवस गेला.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीला तुम्ही येऊ नका. आपल्यात सुतक नाही, दिवा लावायला हरकत नाही असं स्वामी सांगून गेले. पण तुझ्या वहिनीनं सणाचं काही काढलेलं नाही आणि मीही तिला काही म्हटलं नाही. मुलांना कपडे घे, तिकडेच सण करा.

एका कामासाठी लिहितो आहे. ईश्वरीसाठी एखादा मुलगा बघ. नोकरीवाला असावा, आपल्यातला असावा. पुण्याचा असला तरी चालेल. बसू गेला त्या दिवशी मी तिला बीडहून जी घरी आणली, ती परत पाठवलेली नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात तिनं जेमतेम दोन महिने काढले. हे वर्ष तर गेलंच, येत्या जूनला गेलं नाही तर कॉलेज परत घेणार नाही असं ती म्हणते. न घेऊ दे. आमच्या वेळेला मॅट्रिक झालेल्या माणसाला लोक ओट्यावर बसवून घेत. आता बी.ए. झालेली पोरं स्टँडवर पत्ते खेळतात आणि कुणी बोलावलं की दगड घेऊन जातात. आपला तर दगड घेऊन गेला नव्हता, तरी गेला. दुसरं पोर तिथं पाठवण्याची माझी हिंमत नाही.

तुझ्या सौ.ला आणि रुचिकाला आशीर्वाद.

चन्नप्पा


भोसरी, पुणे
१७ नोव्हेंबर १९९६

ती. अण्णांस, विश्वेश्वरचे शरणार्थ.

दिवाळी झाली. केली म्हणायची. रुचिकानं फटाके नको म्हणून स्वतःच सांगितलं. ती दहावीला आहे, तिला सगळं कळतं.

अण्णा, पत्राच्या वर तुम्ही कायम 'श्री बसवेश्वर प्रसन्न' लिहीत आलात. ऑगस्टनंतरची तुमची तिन्ही पत्रं वरून कोरी आहेत. मी समजतो. विचारलं म्हणून रागावू नका.

ईश्वरीचं म्हणाल तर स्थळाची घाई करू नका. तुमचा कॉलेजवरचा राग मला पटतो, पण माझं कारण वेगळं आहे. बी.एस्सी. करून ती काय करणार? आमच्या कंपनीत ज्यांच्याकडे डिग्री आहे त्यांनाच आधी बोलावून विचारताहेत की स्वखुशीनं नोकरी सोडता का. चाळीस वर्षांची माणसं घरी बसायला लागली. आमच्या सेक्शनला दोन कॉम्प्युटर आले आणि सहा खुर्च्या उचलल्या. आता डिग्रीचे दिवस गेले. तिला माझ्याकडे पाठवा. इथं गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास आहेत. एका वर्षात ती कुठंही चिकटेल. मोर्चा नाही, बंद नाही, पुढारी नाही.

पेपरात वाचलं, उमापूरचे सुंदरराव नवीन कॉलेज काढताहेत आणि त्याला बसूचं नाव देणार म्हणून. 'फीवाढीच्या लढ्यातला पहिला हुतात्मा' असं छापलंय. तुम्हाला विचारलं का त्यांनी?

आणि एक. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ गाडीवर कशाला जाता? कोण यायचं असतं?

आपला,
विश्वेश्वर


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चौसाळा
१ डिसेंबर १९९६

ती. काकांस शरणार्थ.

तुमचं पत्र आप्पांनी दुकानात फळीवर ठेवलं होतं, ते मी वाचलं. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका.

आप्पा गाडीवर कुणाला आणायला जात नाहीत. ते बीडच्या एस.टी.त डबा ठेवायला जातात. आई अजून रोज दादाचा डबा करते.

पंधरा दिवस आम्ही सगळे नुसते बसून होतो. एक दिवस सकाळी आई उठली, भाकरी केल्या, डबा भरला आणि कडी लावून आप्पांच्या समोर ठेवला. आप्पा म्हणाले, "अगं, काय हे?" आई म्हणाली, "गाडी जाईल." तेवढंच. आप्पा उभे राहिले, मग उचलला आणि निघाले. मी मागून स्टँडपर्यंत गेले. कंडक्टर धोंडीराम काका आमच्या ओळखीचे. त्यांनी डबा बघितला, आप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि बाकीच्या डब्यांत ठेवला. संध्याकाळी तो रिकामा परत आला. तेव्हापासून रोज जातो आणि रोज रिकामा येतो. कोण खातं ते कुणाला माहीत नाही. आम्ही तिघं त्यावर बोलत नाही.

त्या दिवसाचं तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. पेपरातलं खरं नाही. दादा मोर्चात नव्हता. मुलांनी गाड्या गावाबाहेरच्या नाक्यावर अडवल्या होत्या. डबे तिथंच उतरवून ठेवलेत असं कुणीतरी सांगत आलं. आम्हा दोघांचा डबा एकच असायचा, तो माझ्या खोलीवर घेऊन यायचा आणि आम्ही मिळून खायचो. मी म्हणाले, "आज राहू दे, माझ्याकडे चिवडा आहे." तो म्हणाला, "आईनं सकाळी उठून केलंय, नाक्यावर धूळ खात ठेवू का? आलोच." पोलीस आले तेव्हा दोन्हीकडून दगड सुरू झाले. तो कडेला डब्यांजवळ वाकला होता. दगड डोक्यात बसला तो धोंडीराम काकांनी पाहिला. आमच्या डब्याला पोचा आलाय, झाकणाच्या बाजूला. आई तोच डबा पाठवते.

काका, तुम्ही मला पुण्याला बोलावता त्यात तुमची माया आहे. पण मला बी.एस्सी.च करायचं आहे. मला प्रयोगशाळेत बरं वाटायचं. तिथं सगळं मोजून घालायचं असतं आणि जे व्हायचं तेच होतं. आप्पांना सांगून बघते तर ते भांडी पुसायला लागतात. काल म्हणाले, "बस झालं, ईश्वरे. मी थकलो." मग मी काय बोलणार?

तुम्ही त्यांना लिहा. तुमचं ते ऐकतात. आणि तो डबा रोज कुणीतरी परका माणूस घेतो, हे मला सहन होत नाही. तिथं मी उभी असायला पाहिजे.

तुमची,
ईश्वरी


भोसरी
१४ डिसेंबर १९९६

ती. अण्णांस शरणार्थ.

तुमचं उत्तर नाही म्हणून परत लिहितो.

राग मानू नका. वहिनींचं माझ्या कानावर आलं आहे. कुणाकडून ते विचारू नका, गाव लहान आहे. अण्णा, हे साधं दुःख नाही. मेलेल्या माणसाचा डबा रोज भरणं हे आजारपण आहे आणि तुम्ही तो गाडीवर पोचवून त्याला खतपाणी घालताय. स्टँडवरची कुत्री खात असतील नाहीतर भिकारी. वहिनींना वाटतं लेकरू जेवलं. उद्या कुणी चेष्टेनं काही बोललं तर त्या कशा सोसतील?

इथं ससूनला माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, डोक्याचे आजार बघतात. वहिनींना त्यांच्याकडे घेऊन या. ईश्वरीलाही आणा. सगळेच या. दुकान महिनाभर बंद राहिलं तर काही बिघडत नाही.

आणि आधी एक करा. बीडला जाऊन एकदा डोळ्यांनी बघा, डबा कुठं जातो ते. वहिनींना सांगता तरी येईल.

विश्वेश्वर


चौसाळा
१९ जानेवारी १९९७

चि. विश्वेश्वर यास आशीर्वाद.

उशीर झाला. संक्रांतीत दुकानावर गर्दी होती, त्यानंतर लिहायला बसणं झालं नाही.

कानावर कसं आलं ते मी विचारत नाही. तिचं अक्षर मी ओळखतो, पाकीटही माझ्याच दुकानातलं गेलं. तिला काही बोललो नाही.

आधी सुंदररावाचं सांगतो. जीप घेऊन आला होता. बरोबर चार माणसं. तुला आठवत नसेल, बीडच्या बोर्डिंगात आम्ही एका खोलीत होतो. दुकानात बसला, चहा घेतला. म्हणाला, "चन्नप्पा, मराठवाड्यात आता काय पिकतंय सांग बरं?" आणि स्वतःच म्हणाला, "कालिज पिकतंय! पान्याबिगर." सगळे हसले. मग म्हणाला, "तुज्या पोराचं नाव देतो. दारात फोटू लावतो. पोरीला आमच्याकडं डी.एड.ला घाल, दोन वर्सात मास्तरीन. तू फकस्त त्या दिशी येऊन बस आन् पोरीला दोन शबुद बोलाया लाव. निवडनूक हाय फुडं."

मी म्हणालो, "सुंदरराव, तो मोर्चात नव्हता. डबा आणायला गेला होता."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "ते तू कुनाला सांगू नकू."

मी नको म्हणून सांगितलं. नावही नको आणि फोटोही नको. तो म्हणाला, विचार कर. माती द्यायच्या दिवशी यानंच कॉलेजच्या मैदानावर ट्रॅक्टर भरून लाकडं आणवली होती. माइक लावला होता. आपल्यात पुरतात, बसवून पुरतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं माझ्या शेजारी झोपला, माझ्या गळ्यातलं लिंग रोज पाहिलं, मी पूजा करायचो तेव्हा दिवा विझू नये म्हणून खिडकी लावून घ्यायचा. तरी ठाऊक नव्हतं. ती लाकडं परत नेताना त्याच्या माणसांची फार चिडचिड झाली.

आता दुसरं. तू सांगितलं तसं बीडला गेलो. डबा धोंडीरामच्या हातात दिला आणि त्याच गाडीत मागं बसलो. स्टँडवर उतरून वह्यांच्या टपरीआड उभा राहिलो. धोंडीरामनं डबे खांबाजवळच्या ओट्यावर मांडले. पोरं आली. आपापले डबे उचलून तिथंच झाकणं उघडून बघत होती. एक म्हणालं, "आज बी पिठलंच का बे? तुज्या मायला दुसरं येत न्हाई का?" दुसरं म्हणालं, "तुजी माय तर डाळीत साखर टाकती, गुजरात्याची हाय का?" असं चाललं होतं. बसूचं नाव घातलेला डबा कुणी उचलत नव्हतं. पोरं त्याच्या बाजूनं हात वळवून आपला डबा घेत होती.

मग एक मोटारसायकल आली. पांढरा सदरा, बोटात अंगठी. सुंदररावाचा रविराज. बंद त्याच्याच नावानं पुकारला होता, फलकावर त्याचा फोटो असायचा. त्यानं डबा उचलला आणि स्टँडच्या मागं, गाड्या धुतात तिथं नळाशेजारी दगडावर जाऊन बसला. ठेच्याची वाटी बाजूला ठेवली आणि बाकीचं जेवायला लागला. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं ओळखलं. हातातला घास घेऊन उठला.

मी म्हणालो, "बस. जेवताना उठू नये."

तो बसला. घास खाववेना.

"का खातोस?" मी विचारलं.

"पयल्या दिशी नुसता स्टँडवर आलतो, काका. डबा दिसला. पोरं हात लावंनात. कंडक्टर म्हनला, न्हाई नेला तर भरलेला माघारी जाईल. मंग काकूनं उगडला असता."

"फेकायचा होता."

"फेकवत न्हाई."

"घरी जेवायला नाही का तुला?"

"हाय की. लई हाय. पंगतच असती. भाषनं करीत जेवत्यात समदे." मग खाली बघून म्हणाला, "गाड्या नाक्यावर आडवायचं मी ठरिवलं व्हतं, काका. धोंडा कुनाचा व्हता ठावं न्हाई. आमचाच असंल."

विश्वेश्वर, वाटेत मी पुष्कळ काही ठरवलं होतं. कुणी भेटला तर असं विचारीन, तसं विचारीन. पण त्याच्या पुढ्यात भाकरी होती, तुझ्या वहिनीच्या हातची, ती वाळत चालली होती. मी म्हणालो, "अर्धी राहिली, खाऊन घे." तो खाली मान घालून खायला लागला. त्याचं होईपर्यंत मी उभा होतो.

रिकामा डबा मी माझ्याबरोबर आणला नाही. संध्याकाळच्या गाडीनंच येऊ दिला, नाहीतर तिला कळलं असतं. घरी सांगितलं, बीडच्या व्यापाऱ्याकडे गेलो होतो.

डॉक्टरचं नंतर बघू.

चन्नप्पा


भोसरी
२ फेब्रुवारी १९९७

ती. अण्णांस शरणार्थ.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला तुमचं वागणं समजत नाही. ज्यानं गाड्या अडवल्या त्याला तुम्ही उभं राहून जेवू घातलंत. पुढाऱ्याचं पोर आहे ते. आज डबा खाईल, उद्या त्याच स्टँडवर बसूच्या नावानं मतं मागेल. उद्यापासून डबा बंद करा. एवढं झाल्यावर ईश्वरीला त्या गावात पाठवायचा विषयच नाही. आधी मला वाटायचं तुम्ही घाबरताय, आता मीच म्हणतो पाठवू नका.

माझी नोकरी गेली. गेली म्हणजे मी सही केली. आता सकाळी रुचिकाच्या वयाच्या मुलांबरोबर कॉम्प्युटरच्या क्लासला बसतो. शेजारची मुलगी म्हणते, "अंकल, माऊस उचलू नका, सरकवा." बी.कॉम. झालो तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते, ते आठवलं.

विश्वेश्वर


चौसाळा
२० एप्रिल १९९७

चि. विश्वेश्वर यास आशीर्वाद.

नोकरीचं वाचून वाईट वाटलं. तुला काय लिहावं ते सुचेना म्हणून पत्र राहिलं. पेढे वाटले ते बरोबरच होतं. शिकलास ते वाया गेलं असं मी धरत नाही. काही लागलं तर कळव, संकोच करू नको.

निवडणूक झाली. सुंदरराव निवडून आला. कॉलेजवर शेवटी त्याच्या वडिलांचं नाव लागलं. रविराज त्या कार्यक्रमाला नव्हता असं धोंडीराम सांगत होता. बापलेकाचं बोलणं बंद आहे म्हणतात. मत मागायला तो कुठंच फिरला नाही, हे तुला सांगितलं पाहिजे.

डबा मी बंद केला नाही. करणार होतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात एक दिवस सकाळी चुलीशेजारी जाऊन बसलो. कशी सुरुवात करावी याचा विचार करत होतो. ती भाकरी थापत होती. तीच म्हणाली, "त्या पोराचा ठेचा बंद केला मी."

मी म्हणालो, "कोणत्या पोराचा?"

"डबा खातंय त्याचा. ठेचा रोज तसाच माघारी येतोय. त्याला तिखट सोसत न्हाई. आता गूळ-तूप घालते, ते चाटून-पुसून खातंय."

मग ती म्हणाली, "बसूनं कधी ठेचा ठेवला व्हता का? वाटी बोटानं पुसायचा."

"म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"दुकान तुमचं हाय भांड्याचं," ती म्हणाली, "डबा मी घासते."

ईश्वरी पाणी घेऊन दारात उभी होती. आपण तिला डॉक्टरकडे न्यायचं बोलत होतो, विश्वेश्वर.

मी म्हणालो, "कोण आहे ते मी बघून आलोय. सांगू का?"

तिनं हात वर केला. पिठाचा हात. म्हणाली, "नगं. नाव नका सांगू. नाव कळलं तर हात आखडंल माजा. कुनाचं का असंना, जेवतंय तवर जेवू द्या."

मग तव्यावरची भाकरी उलटून ती ईश्वरीकडे न बघता म्हणाली, "हिला धाडा. डबा करायचा तर आपल्या मानसाला जाऊ द्या. घरी बसून माज्या तोंडाकडं बगत बसती, त्यानं मला लई जड हुतंय."

मी म्हणालो, "आणि परत काही झालं तर?"

ती म्हणाली, "बसू शिकाया गेला म्हनून न्हाई गेला. माजी भाकरी धूळ खाऊ नये म्हनून गेला. मंग मी भाकरी करायची सोडली का?"

ईश्वरीनं तिला हे सांगितलेलं असणार. मला वाटत होतं त्या दोघी एकमेकींशी त्यावर बोलत नाहीत.

जूनला ईश्वरीला पाठवतो आहे. बी.एस्सी.लाच. माझं मन तयार झालंय असं समजू नको. तू म्हणतोस ते कॉम्प्युटरचंही खरं असेल. डिग्रीचं पुढं काय होईल ते मला कळत नाही, तुलाही कळत नाही असं आता वाटतं. ती म्हणते त्यात तिला बरं वाटतं, तेवढं मी धरून चाललो आहे. स्थळ बघायचं तूर्त राहू दे.

तू वर कोरं असल्याचं विचारलं होतंस. लिहायला घेतो, पण ते नाव काढल्यावर पुढचं पत्र होत नाही. म्हणून तशीच सुरुवात करतो.

चन्नप्पा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

बीड
१३ जुलै १९९७

ती. काकांस शरणार्थ.

मी कॉलेजला जायला लागले. जुन्या खोलीवरच आहे, अंजनाबाईंकडे. त्या सारखं "पोरी, खिडकी लाव" म्हणत असतात, बाकी चांगल्या आहेत.

आप्पांनी नवीन डबा देऊ केला होता. आई नको म्हणाली. मग त्यांनी त्याच डब्यावर दादाच्या नावाखाली माझं नाव घातलं. मशीन इतक्यांदा थांबवलं की शेवटी 'री' जरा वाकडी झाली. दुकानात इतकी वर्षं कुणाचं नाव वाकडं झालं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी स्टँडवर गेले तेव्हा ओट्याजवळ रविराज उभा होता. मला बघून मागं सरला. मी डबा उचलला. तो म्हणाला, "ताई, मी नुसता बगाय आलतो, कुनी येतंय का." मी म्हणाले, "आता मी येत जाईन." तो मान हलवून गेला. त्यानं कॉलेज सोडलंय. कुणी म्हणतं औरंगाबादला गॅरेजमध्ये लागला, कुणी म्हणतं मुंबईला गेला. मी आईला सांगितलं नाही. पण डब्यात परत ठेचा यायला लागला आहे.

आप्पांना मधूनमधून पत्र टाका. ते लिहीत नाहीत, पण तुमच्या पत्राची वाट बघतात.

ईश्वरी


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चौसाळा
२७ ऑगस्ट १९९७

चि. विश्वेश्वर यास आशीर्वाद.

आज सकाळी गाडीवर जाऊन आलो. दुकान उघडलं. एक हंडा आणि दोन कळशा गेल्या. दुपारच्या आत धोंडीराम दुकानात आला, हातात डबा. तो भरलेला आहे हे त्याच्या धरण्यावरूनच कळलं. म्हणाला, "आप्पा, मांजरसुंब्यावरून माघारी फिरलो. बीडात बंद हाय. नाक्यावर टायरं पेटिवलीत."

या वेळी कशावरून, ते मी विचारलं नाही.

त्यानं डबा काउंटरवर ठेवला आणि पाणी मागितलं. मी तांब्या त्याच्यापुढे सरकवला. मग मी शेजारच्या एस.टी.डी.वर गेलो. अंजनाबाईंच्या समोरच्या मेडिकलचा नंबर ईश्वरीनं देऊन ठेवला होता. लागत नव्हता. बूथवाला आसाराम दर वेळी फिरवायचा आणि "लागतोय, लागतोय, आप्पा" म्हणायचा. शेवटी लागला, कुणीतरी तिला बोलवायला गेलं. तेवढ्या वेळात मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही.

ती आली. म्हणाली, "आप्पा, मी बाहेर पडलेच नाही. डबा आणायला गेले नाही. अंजनाबाईंनी खिचडी केली होती, ती जेवले."

मी विचारलं, "घरी येतेस का? गाड्या सुरू झाल्या की न्यायला येतो."

ती म्हणाली, "शनिवारी प्रॅक्टिकल आहे." मग तिनंच विचारलं, "येऊ का?"

मी म्हणालो, "नको. प्रॅक्टिकल कर."

फोन ठेवल्यावर आसाराम म्हणाला, "मीटर बंद झालं आप्पा, आता तरी बसा." मी थोडा वेळ तिथंच बसलो.

तू रागावशील. पण बोलावून आणली असती तर परत पाठवणं मला जमलं नसतं. ते तिलाही ठाऊक आहे, म्हणून तिनं विचारलं.

तुझ्या वहिनीला बंदचं कळलेलं नाही. दुपारी जेवायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "गाडी वेळेवर गेली का?" मी हो म्हणालो. मला जेवण गेलं नाही, पोटात बरं नाही म्हणालो. उद्यापर्यंत गावात कळेलच. आज नको.

आता दिवे लागायच्या वेळेला हे लिहितो आहे. डबा भरलेला घरी नेता येत नव्हता. दुकानाचं अर्धं शटर ओढलं, आत फळीवर बसलो आणि उघडला. वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरी वाळली होती. सगळं खाल्लं. ठेचाही खाल्ला, ईश्वरी ठेवत नाही. वाटी बोटानं पुसून घेतली.

हात धुतले. डबा धुतला नाही, तो ती घासते. आता कडी लावून, शटर ओढून घरी निघतो.

चन्नप्पा